हात वर नेताना मध्येच कळ येते, पूर्ण वर गेल्यावर का नाही?

प्रश्न (फोंडा):
आमच्या कुळागरात नारळ पाडायला येणाऱ्या पन्नाशीतल्या पाडेलींना महिनाभर उजव्या खांद्याचा त्रास होत आहे. हात बाजूने वर नेताना तो खांद्याच्या उंचीच्या आसपास आला की कळ येते, पण डोक्यावर पोहोचला की ती थांबते. शिवाय दुखते ते खांद्याच्या माथ्यावर नव्हे, तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लस टोचतात तिथे. दोष सांध्यात असेल तर असे का व्हावे?

उत्तर १ (शरीररचनाशास्त्राचे निवृत्त शिक्षक, म्हापसा):
खांद्याच्या फऱ्यावरची खोबण इतकी उथळ असते की दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात बशीत ठेवलेल्या लिंबासारखा टेकतो. एका वेळी त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. म्हणून हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच सांधा जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः स्नायूंवर पडते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, माथ्याला वेढून असतात. त्यांनाच रोटेटर कफ म्हणतात. खांद्यावरचा डेल्टॉइड हा जाड स्नायू हात वर ओढतो, तेव्हा माथा वर सरकू नये म्हणून हे चौघे त्याला खोबणीत दाबून धरतात.

सुप्रास्पायनेटसची कंडरा फऱ्याच्या अक्रोमियन या टोकाखालच्या सुमारे एक सेंटिमीटरच्या फटीतून जाते आणि दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर चिकटते. साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान हा उंचवटा त्या टोकाखालून जातो, म्हणून सुजलेली कंडरा किंवा तिच्यावरची बर्सा (घर्षण कमी करणारी द्रवाची पातळ पिशवी) तिथेच दुखते. त्यापुढे दंड बाहेरच्या बाजूला वळलेला आणि फराही वर फिरलेला असल्याने उंचवटा पलीकडे निसटतो. हात १८० अंश उचलला, तर त्यातले सुमारे १२० अंश सांध्याचे आणि ६० अंश फऱ्याचे असतात, हे इथे ध्यानात घ्यावे.

दंडावरच्या दुखण्याचे कारण मज्जातंतूंमध्ये आहे. कफच्या या भागाला आणि डेल्टॉइडवरच्या त्वचेला जाणारे तंतू मानेतल्या पाचव्या व सहाव्या मुळांपासूनच निघतात, त्यामुळे आतली वेदना मेंदूला बाहेरच्या दंडावर भासते.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, मडगाव):
सरांनी रचना नेमकी सांगितली आहे, परंतु कंडरा हाडाला घासते म्हणूनच दुखते, हे मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये ही कल्पना मांडल्यावर अक्रोमियनची खालची बाजू तासण्याच्या शस्त्रक्रिया खूप झाल्या. मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, हाड तासलेल्या रुग्णांना केवळ दुर्बिणीने सांधा तपासलेल्या रुग्णांपेक्षा विशेष फायदा झाला नाही. अशा कामात कंडरेवर पेलण्यापलीकडचा ताण पडत राहणे, हे मला अधिक महत्त्वाचे कारण वाटते.

दुसऱ्याने हात उचलला तर तो पूर्ण वर जातो का, आणि कोपर कुशीला टेकवून मनगट बाहेर वळवता येते का, हे कृपया पाहून कळवावे.

प्रश्नकर्ता:
दोन्ही नीट होते. मात्र बाहेर वळवताना मी हाताने अडवले, तर त्यांचा जोर कमी पडतो आणि दुखते.

उत्तर २:
मग खांदा आखडल्याची शक्यता कमी वाटते, कारण त्यात दुसऱ्याने वळवला तरी हात बाहेर वळत नाही. जोर कमी पडतो तो दुखण्यामुळे की कंडरा फाटल्यामुळे, हे इथून ठरवता येणार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी, कारण साध्या एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही. तोपर्यंत हात डोक्यावर धरून कोयता चालवणे थांबवावे, पण हात गळ्यात बांधून ठेवू नये. दुखणार नाही इतपत हालचाल रोज चालू ठेवावी.