‘लठ्ठ’ माणूस ‘वाचतो’ की ‘तगतो’?

कोरांटी:
नमस्कार मंडळी. हृदयविकाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. आयसीयूबाहेर बाकावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या हातात ते पडणार, म्हणून शब्द जपून घ्यायचे आहेत. एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. आशय असा: हृदय कमजोर झालेल्या रुग्णांत अंगाने जाड असलेले, हडकुळ्यांपेक्षा जास्त संख्येने जगल्याचं बऱ्याच पाहण्यांत दिसतं, पण म्हणून कोणी वजन वाढवायला जाऊ नये. याला ‘ओबेसिटी पॅराडॉक्स’ म्हणतात. डायालिसिसच्या रुग्णांत असंच काहीसं १९९९ मध्ये नोंदलं गेलं होतं, आणि २००२ साली अँजिओप्लास्टीच्या रुग्णांवरच्या एका निबंधापासून हे नाव रुळलं.
मी लिहिलं, ‘लठ्ठ रुग्ण वाचण्याचं प्रमाण अधिक’. तपासणाऱ्या बाईंनी ‘लठ्ठ’चं ‘स्थूल’ केलं आणि ‘वाचण्याचं’चं ‘जीवित राहण्याचं’. मला दोन्ही खटकतंय. काय करावं?

घाटमाथा:
‘स्थूल’च बरोबर. शास्त्राला शास्त्राचा शब्द हवा, आणि तो आपल्याकडे आयता आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश असे दोघेही निंदित मानले आहेत. ‘लठ्ठ’ ही चारचौघांत मारलेली हाक आहे, निदान नव्हे.

उंबर:
घाटमाथा सर, त्याच अध्यायात पुढे काय म्हटलंय तेही सांगा ना. ‘स्थौल्यकार्श्ये वरं कार्श्यं’. दोघांना सारखाच व्याधी झाला तर तो स्थूलालाच जास्त पिडतो, असं चरक म्हणतात. कोरांटीताईंचं वाक्य नेमकं याच्या उलट आहे. शब्द चरकांचा घ्यायचा आणि अर्थ त्यांच्याविरुद्ध सांगायचा, असं होईल. माझ्या मते ‘स्थूल’ला दुसरीही अडचण आहे. आपण ‘स्थूलमानाने’ म्हणतो तेव्हा ढोबळ असा अर्थ असतो. बाकावरच्या माणसाला ‘स्थूल रुग्ण’ म्हणजे कोण ते पटकन कळणार नाही. त्याच्या वडिलांना घरात सगळे ‘जाड’च म्हणत असणार.

सांजवात:
‘जाड’ म्हटलं की मला शाळा आठवते. सातवीत आमच्या बाई हजेरी घेताना माझ्या नावाआधी तो शब्द लावायच्या. आज पन्नाशीत आहे, तरी वजनकाट्यावर चढताना कानात तोच आवाज येतो. वडील आयसीयूत असलेल्या मुलीला पत्रकात ‘लठ्ठ’ वाचायला लावू नका. आजी म्हणायची तसं ‘अंगाने भरलेला’ लिहा. त्यात दोष नाही, वर्णन आहे.

घाटमाथा:
‘अंगाने भरलेला’ हे कौतुक आहे. बाळसं धरलेल्या पोराला म्हणतात. पत्रकात ते गेलं तर लोक समजतील, तूप वाढवा. वाक्याचा दुसरा अर्धा भाग नेमका तेच करू नका म्हणून सांगतोय.

नाचणी:
मला ‘वाचणे’बद्दल बोलायचंय. वाचला म्हणजे कोणीतरी वाचवला: डॉक्टरने, देवाने, नशिबाने. आकडेवारीत तसं कोणी नसतं. ‘जगला’ आपण रोपाला म्हणतो, तान्ह्या मुलाला म्हणतो. ‘तिची दोन जगली नाहीत’ असं मामी सांगायची. ‘तगला’मध्ये मात्र माणूस स्वतः झुंजतो. जाड रुग्णाबद्दल एक अंदाज असाच आहे ना, की अंगात शिलक असते, अन्न तुटलं तरी काही दिवस निघतात? मग ‘तगणे’च चपखल. आमच्याकडे चिपळूणला त्याहून नेमकं म्हणतात: ‘दुखण्यातून उठला’. सर्व्हायव्हलला यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

उंबर:
‘उठला’ म्हणजे बरा झाला. आयसीयूतून जिवंत बाहेर आलेला प्रत्येक जण उठतोच असं नाही. पाहणीत नुसतं जिवंत असणं मोजलेलं असतं.

रातपाळी:
मी गेली १४ वर्षं हृदयरोग आयसीयूत सिस्टर आहे. शब्दातलं फार कळत नाही, पण ‘वजन’ हा शब्द सगळे इतक्या सहज घेताहेत म्हणून लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या माणसाचं वजन म्हणजे चरबी नव्हे. हृदय दमलं की अंग पाणी धरतं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. समजा माणूस १६५ सेंटीमीटर उंच आहे आणि आल्या दिवशी ७५ किलो भरला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २७.५. लघवीच्या औषधाने आठवड्यात सात किलो पाणी गेलं, ६८ राहिले, की बीएमआय २५ च्या काठावर. भारतीय मापात २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठ धरतात. जगाच्या मापात तेच २५ आणि ३०. म्हणजे तोच माणूस सोमवारी लठ्ठ आणि पुढच्या सोमवारी नुसता जादा वजनाचा. चरबी तेवढीच.
आणि हडकुळे जे जातात, ते पुष्कळदा मुळात हडकुळे नसतात. जुन्या दुखण्याने खंगलेले असतात. बायको पाकिटातून लग्नातला फोटो काढून दाखवते, तेव्हा कळतं.

उंबर:
सिस्टर, तुमच्या या उत्तराने माझं मत बदललं. मी ‘पॅराडॉक्स’ला ‘विसंगती’ सुचवणार होतो. पण विरोधाभास अलंकारात विरोध खरा नसतो, नुसता भासतो. खंगल्यामुळे कमी झालेलं वजन आणि पाण्यामुळे वाढलेलं वजन यांतून हे चित्र बऱ्याच अंशी उभं राहत असेल, तर ‘विरोधाभास’ हाच खरा शब्द. आणि ‘हडकुळा’ तर काढाच, कोरांटीताई. ‘खंगलेला’ लिहा.

घाटमाथा:
‘खंगलेला’ लिहिलं की कारण गृहीत धरलं. पाहणीत फक्त बीएमआय होता. भाषांतरकाराने निष्कर्ष काढू नये.

नाचणी:
मूळ ‘लठ्ठ’वर परत येऊ. हा शब्द लाठीवरून आलाय, असं आमचे मास्तर सांगायचे. लाठीसारखा भक्कम तो लठ्ठ. तसं असेल तर त्यात निंदा नाहीच.

सांजवात:
व्युत्पत्तीने कोणाचं दुखणं कमी होत नाही.

रातपाळी:
अजून एक. पत्रकात ‘पाणी उतरणे’ लिहू नका. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सकाळी मी एका मुलाला आनंदाने सांगितलं, ‘बाबांचं पाणी उतरलंय.’ तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्यांच्या गावात ‘पायात पाणी उतरलं’ म्हणजे माणूस शेवटाला आला. मला म्हणायचं होतं, सूज गेली. चार्ट आणून आकडे दाखवले, तेव्हा तो रडला आणि मग चहा प्यायला.

कोरांटी:
सिस्टर, माझ्या मसुद्यात ‘पाणी उतरणे’ दोनदा आहे, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. आत्ता पाहिलं. एका ठिकाणी ‘साठणे’ केलं, दुसऱ्या ठिकाणी ‘ओसरणे’. लठ्ठचं वाक्य अजून तसंच आहे.

उंबर:
‘ओसरणे’ छान.

घाटमाथा:
पूर ओसरतो, गर्दी ओसरते. अंगातलं पाणी निचरतं. ‘निचरा होणे’ घ्या.

रातपाळी:
निचरा शेताचा. पेशंटच्या माणसांना मी आता ‘पाणी निघालं’ एवढंच सांगते.

नाचणी:
आमच्याकडे ‘पाणी निघालं’ म्हणजे विहिरीला लागलं.