मुलीची पहिली फॉर्म्युला गाडी: कोइम्बतूरची एलजीबी की थेट एफ४?

रंकाळाकाठ

मुलगी पंधरा वर्षांची आहे, फेब्रुवारीत सोळा पूर्ण होतील. चार वर्षं कार्टिंग झालं, त्यातले शेवटचे दोन हंगाम रोटॅक्स या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेत. रेसिंग हेच काम म्हणून करायचं, असं ती अकराव्या वर्षापासून म्हणतेय आणि आता आम्ही घरात त्याला हट्ट म्हणणं सोडून दिलंय. दोन वर्षांचे मिळून पंचवीस लाख उभे करता येतील. त्यातले दहा तिच्या आजोबांनी जमिनीचा तुकडा विकून दिलेले आहेत, म्हणजे ते परत उभे राहणार नाहीत. स्पॉन्सर नाही.

तिचे कोच म्हणतात, थेट इंडियन एफ४, म्हणजे आपल्याकडची फॉर्म्युला फोर, पंखवाल्या गाड्यांची. माझं मत वेगळं आहे आणि ते इथे मांडतोय ते कोणीतरी खोडून काढावं म्हणूनच.

मला वाटतं पहिलं वर्ष फॉर्म्युला एलजीबी १३०० मध्येच काढावं. नळ्यांची चासी, मारुतीचं १३०० सीसी इंजिन, गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख नाहीत, क्लच दाबून हाताने गिअर टाकायचा. गाडी साधी आहे, पण सगळ्यांची सारखी आहे आणि एकेका वळणात पाच-सहा गाड्या चाकाला चाक लावून शिरतात. मागच्या महिन्यात तिला कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर एक दिवस चालवायला दिली. ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, त्यामुळे श्वास घ्यायला सरळ रस्ता मिळतच नाही. दुपारी उतरली तेव्हा उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, गिअरच्या नॉबने मोठा फोड आलेला. हात दाखवायच्या आधी तिने मला सांगितलं की तिसऱ्या लॅपला समोरच्या गाडीच्या मागे हवा पातळ होते ते पहिल्यांदा अंगाला कळलं. कार्टमध्ये हे कधी झालं नव्हतं.

कोइम्बतूरचे रेसर करीवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी केली ती याच विचाराने, की मध्यमवर्गातल्या पोराला बसायला गाडी मिळावी. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेले नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक दोघेही त्याच गाड्यांतून वर आले. स्वस्त गाडीत शिकलेलं वाया जात नाही, एवढंच मला म्हणायचंय. एलजीबीचं वर्ष लाखांत बसतं. एफ४ मध्ये आमचे पंचवीस लाख एका हंगामालाही पुरतील याची खात्री मला कोणी दिलेली नाही.

हेअरपिन

काका, तुमच्या मताचा आदर ठेवून सांगतो, तुम्ही चुकताय. आणि पैशात नाही, वयात चुकताय.

एफ४ ची किमान वयाची अट पंधरा आहे. म्हणजे ज्यांच्याशी तिला पुढे लढायचंय ती पोरं पंधराव्या वाढदिवशी त्या गाडीत बसलेली असतात. ती एलजीबीत वर्ष घालवून सतराव्या वर्षी एफ४ ला येईल, तेव्हा समोरचा दोन हंगाम संपवून वरच्या पायरीला, फॉर्म्युला रीजनलला, निघालेला असेल.

दुसरं, फॉर्म्युला वनसाठी जे सुपर लायसन्स लागतं त्याला तीन वर्षांत ४० गुण लागतात. एफ४ चा हंगाम जिंकणाऱ्याला १२ मिळतात, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७. एलजीबी जिंका, दहा वेळा जिंका, मिळतं शून्य.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोलत नाही ते पायाचं. तुमची मुलगी चार वर्षं कार्टमध्ये डाव्या पायाने ब्रेक मारतेय. एफ४ मध्येही डावाच पाय, कारण क्लच फक्त गाडी सुटताना लागतो, बाकी गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलवर. एलजीबीत काय? डावा पाय क्लचवर, म्हणून ब्रेक उजव्या पायाने, आणि त्याच पायाच्या कडेने गिअर उतरवताना ॲक्सिलरेटरला टोला. हे शिकायला तिला अर्धा हंगाम जाईल. मग एफ४ ला आल्यावर ते विसरायला अजून काही महिने. डाव्या पायाने ब्रेक सोडत सोडत वळणात शिरणं हीच एफ४ मधली सगळी कला आहे. ती तिच्या पायात आज आहे, ती कशाला मोडताय?

स्पॅनरवाला

मी मूळचा विट्याचा. अकरा वर्षं झाली कोइम्बतुरात, फॉर्म्युला गाड्यांवर काम करतो. रंकाळाकाठ दादा, तुम्ही वर्षाचा खर्च मोजताय. वर्षाचा खर्च एका शनिवारी ठरतो, धडक बसते त्या शनिवारी.

एलजीबीची पुढची विशबोन, म्हणजे चाक धरणारा नळ्यांचा हात, वाकली तर संध्याकाळी काढतो, नळी कापतो, जिगवर लावून वेल्डिंग करतो, रविवारी सकाळी गाडी ग्रिडवर. नोज, म्हणजे गाडीचं नाक, फुटलं तर फायबरचं, ते इथेच बनतं. इंजिनाचा माणूस गावात आहे.

एफ४ ची गाडी म्हणजे मिझाल कंपनीची एम२१, फ्रान्समध्ये बनलेली. कार्बनचा मोनोकॉक, म्हणजे एकसंध सांगाडा, वर डोकं वाचवणारं हेलोचं कडं, अल्पाइनचं टर्बो इंजिन. गाडी उत्तम आहे, मी हात लावलाय, खोटं बोलणार नाही. सुरक्षेच्या बाबतीत एलजीबीशी तुलनाच नको, पोरीच्या बापाने हे आधी ऐकावं. पण पुढचा पंख दुसऱ्याच्या चाकाला लागला की तो वेल्डिंगने जुळत नाही, नवा येतो. आणि ते बिल तुमच्या नावावर.

एक पोरगा होता, नाव नको, टीमचंही नको. चांगला चालवायचा. करारात नुकसानीची वरची मर्यादा लिहिलेलीच नव्हती. दुसऱ्या राउंडला मागून कोणीतरी ठोकलं, चूक त्याची नव्हती, तरी बिल त्यालाच. तिसऱ्या राउंडला आला नाही. मी त्याची सीट गाडीतून काढली, तेव्हा त्याचे वडील शेजारी उभे होते. ती सीट घरी न्यायची का, विचारत होते.

म्हणून हेअरपिन भाऊ, पायाचं तुमचं बरोबर असेल, पण ज्याचे पैसे एका धडकेत संपतात त्याने ती धडक स्वस्त गाडीत खावी. पहिल्या वर्षी प्रत्येकजण ठोकतो.

हेअरपिन

पहिल्या वर्षी प्रत्येकजण ठोकतो हे मान्य. पण मग एलजीबीनंतर एफ४ च्या पहिल्या वर्षी ती पुन्हा ठोकणारच ना? पंख लावलेल्या गाडीच्या मागे चालवणं एलजीबी शिकवत नाही. तिथे मागे चिकटलं की वेग मिळतो. पंखाच्या गाडीत लांब वळणावर मागे चिकटलं की पुढची पकड जाते आणि नोज सरळ निघून जातं. खर्च तुम्ही वाचवत नाही आहात, पुढे ढकलताय.

मेडस्टोनकर

इंग्लंडमधून लिहितोय. सुट्टीच्या दिवशी ब्रँड्स हॅच या रेस ट्रॅकवर मार्शल म्हणून, झेंडे घेऊन, उभा असतो, त्यामुळे बघितलेलं सांगतो.

इथे हीच चर्चा पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम गाड्या लावतात त्या आवारात, रोज चालते. एफ४ २०१४ साली इटलीत सुरू झाली ती कार्टमधून वर येणाऱ्यांसाठी स्वस्त पायरी म्हणूनच. गाडीची किंमत बांधून दिली, इंजिन बांधून दिलं. पण सरावाचे दिवस कोणी बांधले नाहीत. ज्याच्याकडे पैसे तो हंगामाआधी महिनोन्‌महिने टेस्टिंग करतो, आणि तुम्ही त्याच्याबरोबर शर्यतीत उतरता. युरोपात चांगल्या टीमबरोबर एफ४ चा हंगाम आता कोटींतच बोलला जातो. त्याला उत्तर म्हणून इथे २०२२ मध्ये जीबी४ निघाली, एफ४ च्या आधीच्या पिढीच्या गाड्या घेऊन, कमी खर्चात. म्हणजे स्वस्त पायरीच्या खाली अजून एक स्वस्त पायरी बांधावी लागली.

आणि त्या सगळ्यांच्या खाली १९६७ पासून फॉर्म्युला फोर्ड आहेच. १६०० सीसी केंट इंजिन, पंख नाहीत, हाताचा गिअर. तुमच्या एलजीबीची थोरली बहीणच म्हणा. ऑक्टोबरात ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्डचा फेस्टिव्हल, म्हणजे वर्षाची मोठी शर्यत, असते, तेव्हा मी पॅडॉक हिल या वळणाच्या उतारावर असतो आणि ओल्या ट्रॅकवर सतरा-अठरा वर्षांची पोरं गाडी आडवी करून खाली सोडतात, ते बघताना भीतीही वाटते आणि डोळेही भरतात. पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेल्यांपैकी मार्क वेबर १९९६ ला इथे जिंकला, जेन्सन बटन १९९८ ला. कार्तिकेयनने १९९४ मध्ये ब्रिटनची फॉर्म्युला फोर्ड हिवाळी मालिका जिंकली, आणि तो फॉर्म्युला मारुतीतून आला होता.

तरीही, रंकाळाकाठ, ही नावं पुढे करून निर्णय घेऊ नका. त्या काळी शिडी वेगळी होती. फॉर्म्युला फोर्ड जिंकलं की फॉर्म्युला थ्रीची टीम फोन करायची. आज ते फोन एफ४ च्या मुलांना येतात. फॉर्म्युला फोर्डचा खरा फायदा दुसरा आहे. गाडी तुमच्या मालकीची असते, जुनी झाली तरी शर्यतीत चालते आणि हंगाम संपल्यावर विकता येते. पैसा पूर्ण जळत नाही. भारतात एलजीबीची गाडी घेऊन, दोन वर्षं चालवून विकणं जमतं का, हे स्पॅनरवाले सांगू शकतील. जमत असेल तर तुमचं गणित बदलतं. न जमल्यास तुम्ही भाड्याने गाडी घेताय, आणि मग प्रश्न एकच उरतो, की एका रुपयात किती लॅप मिळतात.

चिन्मयी_के

मी स्वतः फॉर्म्युला गाड्या चालवल्या आहेत, तीन हंगाम. दोन्ही बाजूंशी थोडं भांडायचंय.

हेअरपिन, तुम्ही सुपर लायसन्सचे गुण मोजताय. एफ४ मध्ये सातव्याला १ गुण मिळतो, आठव्याला काही नाही. २०२३ चा पहिला इंडियन एफ४ हंगाम कोणी जिंकला? ऑस्ट्रेलियाच्या कूपर वेबस्टरने. म्हणजे ग्रिडवर बाहेरून तयार होऊन आलेली मुलं असतात. पहिल्या वर्षीच्या मुलीसाठी त्या १२ गुणांवर निर्णय घेणं म्हणजे दहावीच्या आधी आयआयटीचं होस्टेल बघणं. शिवाय काम मिळवणं म्हणजे फक्त फॉर्म्युला वन नाही. आपला अर्जुन मैनी डीटीएम या जर्मन मालिकेत गाडी चालवतो, ते त्याचं कामच आहे. जीटीच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांच्या, टीमला गुण नको असतात. टायर सांभाळणारा, गाडीत काय होतंय ते इंजिनिअरला नीट सांगणारा माणूस हवा असतो.

आता काका, तुमच्याशी. तुम्ही मुलगी म्हणून एक गोष्ट धरलेली नाही. २०२३ पासून एफ१ अकॅडमी आहे, फक्त मुलींची, आणि गाडी एफ४ चीच, टाटुस कंपनीची. खर्चाचा मोठा भाग फॉर्म्युला वन उचलतं. तरी २०२४ ला प्रत्येकीने १ लाख युरो आणायचे होते, ते काही थोडे नाहीत. पण मुलीला स्पॉन्सर मिळण्याची आज जगात सर्वात उघडी असलेली वाट तीच आहे. तिथे निवड करणारे विचारतात, एफ४ गाडीत किती दिवस बसलीस? एलजीबीचं नाव त्यांना माहीतही नसतं.

आणि शरीर. एफ४ ला पॉवर स्टिअरिंग नाही. पंखांमुळे वेगात स्टिअरिंग जड होतं, मान बाहेर ओढली जाते. मी पहिल्या दिवशी चौदाव्या लॅपनंतर डोकं हेडरेस्टला टेकवून चालवत होते, कारण मान धरत नव्हती. ब्रेकवर नुसता पाय पुरत नाही, सगळ्या मांडीचा जोर घालावा लागतो. एलजीबी कितीही चालवा, ती मान तयार होत नाही. सोळाव्या वर्षी ती तयार करायला घेतली तर अठराव्या वर्षी हाती काही लागतं. मुलगा-मुलगी असा फरक ट्रॅकवर नाही, पण ही तयारी आम्हाला लवकर सुरू करावी लागते, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणून माझं मत असं, की एलजीबीच्या शर्यती लढवा, धक्काबुक्की, सुरुवात, बचाव, सगळं तिथे शिकू दे. पण त्याच वर्षात एफ४ गाडीचे टेस्टचे चार-पाच दिवस विकत घ्या. शर्यत नाही, फक्त टेस्ट. रिकाम्या ट्रॅकवर ठोकायचा धोका कमी, डेटा हातात, आणि डावा पायही जिवंत राहतो.

स्पॅनरवाला

मेडस्टोनकर साहेब, गाडी घेऊन विकणारे आहेत, पण थोडे. ठेवायला जागा, ने-आण, मेकॅनिक, सगळं आपलं आपण बघावं लागतं. कोल्हापुरातून ते जमायचं नाही, टीमकडूनच घ्यावी.

चिन्मयीताईंचं मला पटतंय. फक्त टेस्टच्या दिवशीसुद्धा नुकसानीचा कागद असतो, तो वाचूनच सही करा. वरची मर्यादा आकड्यात लिहून घ्या. तोंडी नको.

रंकाळाकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मुलीलाही वाचायला दिलं. हेअरपिन यांचं पायाचं वाचून ती गप्प बसली आणि मग म्हणाली, बाबा, बरोबर आहे, मी त्या दिवशी दोनदा चुकून डाव्या पायाने ब्रेक शोधला. हे तिने मला तेव्हा सांगितलं नव्हतं.

मत पूर्ण बदललेलं नाही. एलजीबीचा हंगाम करायचाच. पण एफ४ चे चार दिवस त्यातून काढायचे म्हणजे एलजीबीतला सराव कमी करावा लागेल, आणि तो कमी झाला तर शर्यतीत मागे राहील. हे अजून मला सुटत नाहीये. कोचांना मी अजून काही बोललेलो नाही.

हेअरपिन

सराव कमी करा. शर्यतीत आठवी आली तरी चालेल, एलजीबीचा निकाल पुढे कोणी विचारत नाही. मी अजूनही थेट एफ४ म्हणतो, पण चार दिवस हे शून्यापेक्षा खूप आहेत. माझ्या ओळखीचा एक सिम्युलेटर पुण्यात आहे, लोडसेलचा ब्रेक आहे त्याला, म्हणजे खऱ्या गाडीसारखा जोर लावावा लागतो. टेस्टच्या आधी दोन आठवडे तिला तिथे बसवा, मी बोलून ठेवतो.

स्पॅनरवाला

दादा, कधी येताय ते कळवा. पोरीची उंची सांगा. पाच फूट दोनच्या खाली असेल तर पेडल पुढे घ्यावी लागतील आणि फोमची सीट ओतावी लागेल. फोम पिशवीत ओततो, म्हणून कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या येताना घेऊन या, चार तरी, जाड बघून. इथल्या पातळ असतात, फोम गरम होऊन फुगला की फाटतात आणि सगळं तिच्या सूटला चिकटतं. शुक्रवारी संध्याकाळी सीट ओतू, रात्रभर सुकेल, शनिवारी सकाळी बसवून बघू.