मदत हवी आहे: पावसाळ्यात हॉस्टेलच्या ओल्या कचऱ्याचं खत कसं करावं?

नमस्कार मंडळी. गोव्यात ताळगाव पठाराजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. आमच्या हॉस्टेलच्या मेसमधला ओला कचरा आवारातच जिरवायचा असं पर्यावरण गटातल्या मुलांनी ठरवलं. चिऱ्यांचे दोन हौद बांधून घेतले. उन्हाळ्यात खत छान झालं. काजू-आंब्याचा पाचोळा भरपूर होता. जून उजाडला आणि सगळा चिखल झाला. वर पत्रे आहेत, पण हवाच इतकी दमट की पाचोळा वाळतच नाही.

कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण 30:1 हवं, हे ठाऊक आहे. पण मेसमधून येतं काय? भात, हुमणाचा (माशांच्या आमटीचा) रस्सा, माशांचे काटे! नत्र आणि पाणी दोन्ही जास्त, त्यामुळे आत हवा खेळत नाही आणि वास सुटतो. वॉर्डनबाई वैतागल्यात. व्यवस्थापन म्हणतं, 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला 100 किलोंच्या वर कचरा करणारेच 'मोठे उत्पादक' होते, आपण त्यात बसत नव्हतो, मग हा खटाटोप कशाला? (पटत नाही, पण वासापुढे वादही घालवत नाही.)

कोणी पावसाळ्यात हे जमवलंय का? लाकडाच्या गिरणीतला भुसा चालेल की नारळाच्या सोडणांचा काथ्याचुरा बरा? काटे वेगळे पुरावेत का? कुत्रे उकरतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माळी जाळतो तो पाचोळा चार महिने कोरडा कसा ठेवता? गोणपाटात बुरशी धरते. डिचोली, फोंड्याकडचे बागायतदार असतील तर जरूर सांगा.