मदत हवी आहे : मालिकेतला मृत्यू पुस्तकात सापडत नाही, माझी प्रत अपुरी आहे का?

कदंब :
नमस्कार. मालिका पाहून झाल्यावर मी त्याच नावाचे पुस्तक मिळवले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचले. ज्या प्रसंगाने मालिका सुरू होते, तो नायकाच्या मित्राचा मृत्यू त्यात कुठेही नाही. खटला नाही, महापौरपदही नाही. माझ्या प्रतीतली पाने गहाळ आहेत की हा दुसरा खंड असून पहिला वेगळा मिळतो, एवढेच कृपया कोणीतरी सांगावे. कॉमिक्सचे वाचन कुठून सुरू करावे हा माझा प्रश्न नाही, त्यामुळे याद्या देऊ नयेत.

अंक पहिला :
कोणती मालिका आणि कोणते पुस्तक, हे आपण लिहिलेलेच नाही. नायकाचा मित्र किंवा प्रेयसी मरते अशा सुपरहिरोकथा मोजायला बसलो तर हा धागा पुरणार नाही. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असेल, निदान ते तरी द्यावे.

रातकिडा :
याद्या नकोत हे वाचले, म्हणून एकच नाव देतो. ऑक्टोबर २०२४ पासून निघत असलेली ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ वाचा. स्कॉट स्नायडर यांचे लेखन आणि निक ड्रॅगोटा यांची चित्रे. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही आणि त्याची आई जिवंत आहे. कोणताही चित्रपट आधी पाहिलेला नसला तरी चालते, त्यामुळे ‘पडद्यावर होते ते इथे का नाही’ ही तक्रारच उद्भवत नाही.

कदंब :
रातकिडा, धन्यवाद, पण मी बॅटमॅनबद्दल विचारले नव्हते. ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’. पुस्तकावर फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली अशी नावे आहेत. मित्र म्हणजे फॉगी नेल्सन. मला वाटले होते की आंधळ्या वकिलाचा उल्लेख न करताही हे लक्षात येईल.

पुराणपुरुष :
आंधळ्या वकिलाचा उल्लेख आपण आत्ता प्रथमच करत आहात, असो. आपली प्रत पूर्ण आहे. मूळ ‘बॉर्न अगेन’ १९८६ साली डेअरडेव्हिलच्या २२७ ते २३३ या सात अंकांत आले. व्यसनापायी मॅटची जुनी प्रेयसी कॅरन पेज डेअरडेव्हिलचे खरे नाव, मॅट मर्डॉक, विकते, ते हस्ते परहस्ते किंगपिनपर्यंत, म्हणजे गुन्हेगारांचा म्होरक्या विल्सन फिस्कपर्यंत, पोहोचते आणि तो मॅटची वकिली, बँकेतले पैसे आणि घर एकेक करून हिरावून घेतो. फॉगी त्यात मरत नाही आणि फिस्क महापौरही होत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर सुरुवातीच्या चार अंकांची पहिली मोठी चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चारही ठिकाणी मॅट वरून दिसतो. आधी स्वतःच्या पलंगावर, मग हलक्या हॉटेलच्या खोलीत अंग आखडून, मग गल्लीतल्या कचऱ्यात आणि चौथ्यात नन्सच्या आश्रयाला असताना खाटेवर. माणूस किती खाली गेला हे मॅझुकेली यांनी एका शब्दाविना सांगितले आहे. ही चार चित्रे आपल्या प्रतीत असतील तर काहीही गहाळ नाही.

कदंब :
चारही चित्रे आहेत. मग मालिकेला हे नाव का दिले? ही सरळ दिशाभूल नाही का?

तिरकस :
दिशाभूलच आहे. गाजलेल्या कथेचे नाव लावायचे, म्हणजे जुना वाचक आपसूक येतो, आणि आत भलतेच दाखवायचे. ‘सिक्रेट इन्व्हेजन’चेही असेच झाले. २००८ च्या कॉमिक्समधली सारी भीती आपल्या ओळखीच्या नायकांपैकी कोण खरा आणि कोण रूप बदललेला परग्रहवासी स्क्रल, या संशयात होती. २०२३ च्या मालिकेत ते नायकच जवळपास नव्हते, मग संशय घ्यायचा कोणावर? नाव घेतले तर त्या नावाचे ऋण फेडले पाहिजे.

मृण्मयी :
तिरकस यांच्याशी असहमत. २००६ साली सुरू झालेली ‘सिव्हिल वॉर’ची सात अंकांची मालिका नुसत्या माणसांच्या गर्दीने भरलेली आहे. २०१६ च्या चित्रपटाने नाव आणि सुपरहिरोंवर सरकारचा अंकुश असावा का हा मूळ तिढा तेवढा ठेवला आणि बाकीचे सोडून भांडण दोन मित्रांपुरते आणले, तेव्हा ते कुठे मनाला भिडले. रूपांतराने मूळ कथेची नक्कल करावी अशी अपेक्षाच मला कळत नाही. तेच पुन्हा पाहायचे असेल तर पुस्तक आहेच की.

कदंब, आपल्याला विचारायचे होते की, आधीची मालिका, म्हणजे २०१५ ते २०१८ मधली तीन पर्वे, आपण पाहिली आहेत का?

कदंब :
नाही. मी थेट २०२५ ची मालिका पाहिली. जुनी पाहण्याची गरज आहे असे कुठेही सांगितलेले नव्हते. माझा प्रश्न पुस्तकाबद्दल आहे.

मृण्मयी :
मग गोंधळ तिथेच आहे. मिलर यांच्या कथेतला बराचसा ऐवज २०१८ च्या तिसऱ्या पर्वात आधीच वापरून झाला होता. चर्चच्या आश्रयाला पडलेला जायबंदी मॅट, नन असलेली सिस्टर मॅगी, डेअरडेव्हिलचा पोशाख घालून त्याला बदनाम करणारा तोतया, हे सारे तुम्ही पुस्तकात वाचलेत आणि ते पडद्यावरही आहे, पण तुम्ही न पाहिलेल्या मालिकेत. २०२५ च्या मालिकेने नाव मिलर यांचे घेतले आणि कथानक मात्र पुढच्या तीन-चार लेखकांकडून गोळा केले.

महापौर फिस्क चार्ल्स सोल यांच्या लेखनकाळात, २०१७ च्या सुमारास येतो. रक्ताने चित्रे काढणारा म्यूज हाही सोल आणि चित्रकार रॉन गार्नी यांचाच, २०१६ मधला. मुखवटाधाऱ्यांवर बंदी घालणारा फिस्क पाहायचा असेल तर चिप झडार्स्की आणि मार्को केकेत्तो यांचे ‘डेव्हिल्स रेन’ वाचावे, ते २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. आणि फॉगीचा तसा मृत्यू मी वाचलेल्या कोणत्याही अंकात नाही. एड ब्रूबेकर यांच्या २००६ मधल्या कथेत मॅट तुरुंगात असताना फॉगीवर हल्ला होतो आणि तो गेला असे मॅटला वाटते, पण पुढे तो जिवंत निघतो. छतावर बुल्सआय या मारेकऱ्याशी झुंजताना खाली रस्त्यावर मित्राच्या हृदयाचे ठोके मंदावत जाऊन थांबलेले अतितीक्ष्ण कानांच्या मॅटला ऐकू येतात, ते दृश्य मालिकेचे स्वतःचे आहे. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

तिरकस :
तोडीचे नाही हे मान्य. पण पंचवीस-तीस वर्षे वाचकाने ज्या फॉगीला जपले, त्याला पहिल्याच भागात मारून मालिकेला वजन आणायचे, हे मला सोपे काम वाटते. नायकाला दुःख द्यायचे तर जवळचे माणूस मारायचे, ही युक्ती १९७३ साली स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी गेली तेव्हा नवी होती.

पुराणपुरुष :
ग्वेन स्टेसीचा विषय निघालाच आहे, तर स्पायडरमॅनबद्दल एक सांगतो. १९८७ साली झालेले त्याचे लग्न २००७ मध्ये सैतानाशी केलेल्या एका सौद्यात पुसून टाकले गेले. जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन यांनी नव्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये पीटरला लग्न झालेला, दोन मुलांचा बाप म्हणून आणले, तेव्हा माझ्यासारख्या जुन्या वाचकाला पहिल्यांदा वाटले की कोणीतरी आपले ऐकले.

अंक पहिला :
पुराणपुरुष साहेब, याचा धागाकर्त्याच्या प्रश्नाशी संबंध काय?

पुराणपुरुष :
काही नाही. अवांतराबद्दल क्षमस्व.

कदंब :
मृण्मयी ताई, आभार. सुरुवातीलाच लिहायला हवे होते की मला मुळात तो खटला वाचायचा आहे, बाकीचे नंतर बघेन. हेक्टर अयाला, म्हणजे व्हाइट टायगर या मुखवटाधाऱ्या नायकाचा खटला. तो कुठे आहे?

मृण्मयी :
तो ब्रायन मायकेल बेंडिस यांचा आहे, अंक ३८ ते ४०. पोलिसाच्या खुनाचा आरोप असलेल्या अयालाचे वकीलपत्र मॅट घेतो. शेवट मालिकेसारखा नाही, एवढेच सांगते.

कदंब :
अंक ३८ उघडला. त्यात डॉक्टर डूमने डेअरडेव्हिलशी शरीराची अदलाबदल केली आहे. खटला नाही, अयाला नाही. आता हाही चुकीचा का?

अंक पहिला :
आपण १९६८ चा अंक ३८ उघडलात. डेअरडेव्हिल १९६४ साली सुरू झाले. १९९८ साली जुने क्रमांक थांबवून पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली आणि त्यानंतरही हा प्रकार अनेकदा झाला. नवा लेखक आला की नवा ‘अंक पहिला’ काढायचा, कारण पहिला अंक जास्त खपतो. वाचकाने कुठला ३८ शोधायचा याची चिंता कोणाला नाही. माझे इथले टोपणनाव याच वैतागातून आले आहे. अंकाच्या क्रमांकासोबत नेहमी साल पाहावे. आपल्याला १९९८ ला सुरू झालेल्या दुसऱ्या खंडातला ३८ हवा आहे.

रातकिडा :
‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये ही अडचण येत नाही.

कदंब :
सापडला, वाचूनही झाला. मालिकेत अयाला निर्दोष सुटतो आणि नंतर रस्त्यात मारला जातो. इथे पंच त्याला दोषी ठरवतात आणि तो पळू पाहतो तेव्हा न्यायालयाबाहेर पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. मालिकेत निदान मॅट खटला जिंकतो. इथे अशील निर्दोष असल्याचे ठाऊक असूनही तो हरतो, आणि हृदयाच्या ठोक्यांवरून माणूस खरे बोलतो हे ऐकू येणे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हे मला मालिकेपेक्षा जास्त बोचले. तिरकस यांना हे रूपांतर वाटते की दिशाभूल, ते त्यांनी ठरवावे. माझी प्रत पूर्ण आहे, त्यामुळे माझ्यापुरता हा प्रश्न सुटला. ब्रूबेकर यांचा तुरुंगातला भाग शोधायला घेतो आहे, या वेळी साल पाहून.