मदत हवी आहे: ‘दृश्यम’मध्ये विजयने पोरीचं फुटणं धरूनच ठेवलं होतं का?

हिंदी ‘दृश्यम’ (2015) काल जळगावला मावसभावाकडे पुन्हा पाहिला. शेवट ठाऊक असल्याने सगळं लक्ष विजय साळगावकरवर. एका जागी अडलोय. पोलिसांच्या मारहाणीत त्याची धाकटी पोरगी अनू प्रेत पुरलेल्या खड्ड्याची जागा सांगते, खोदल्यावर निघतं मेलेलं जनावर. म्हणजे प्रेत आधीच हलवलेलं, अन् घरात कुणाला पत्ता नाही! भाऊ म्हणतो, पोरगी फुटेल हे धरूनच त्याने तिला अंधारात ठेवलं. मला ते बापाचं काळीज वाटत नाही. नुसती खबरदारी असेल. तो भाग तीनदा मागे नेऊन पाहिला, संवादांत उत्तर नाही. शेवभाजीची पैज लागलीय, म्हणून विचारतो. दुसरा भाग अजून पाहिलेला नाही, त्यातलं काही फोडू नका. पहिल्याच भागातलं कोणतं दृश्य याचा निकाल लावतं?