कल्पना राखता येत नाही, लिहिलेलं राखता येतं

आपल्या कथेची कल्पना फिल्म स्टुडिओला सांगितली आणि त्यांनी ती चोरली तर, ही भीती अनेक नवख्या लेखकांना असते. त्यावर हस्तलिखित स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवून तारखेचा पुरावा म्हणून पाकीट न फोडता जपायचं, हा उपाय मलाही कुणीतरी सांगितला होता. त्याच्या भरवशावर राहू नका. पाकीट आधी उघडंच पाठवलं नव्हतं हे कोण सिद्ध करणार?

मुळात कॉपीराइट कल्पनेला मिळतच नाही, मांडणीला मिळतो. बौद्धिक संपदेबद्दलच्या १९९४च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारात कलम ९ मध्ये तसं सरळ लिहिलंय. 'दोन हाडवैरी लिफ्टमध्ये अडकतात' ही ओळ कुणाच्याच मालकीची नाही. त्यांचा भूतकाळ, भांडणाचा क्रम, संवाद कागदावर उतरले की ते तुमचे. म्हणून आधी पुस्तक पूर्ण करा, निदान प्रकरणवार आराखडा तरी. कॉपीराइटची नोंदणी करा आणि मगच स्टुडिओचं दार ठोठवा.

स्टुडिओ एनडीएवर, म्हणजे कथा गुप्त ठेवण्याच्या करारावर, सही करेल अशी आशा नवख्यानं फारशी धरू नये. उलट न मागवलेली कथा वाचण्याआधी स्टुडिओच तुमच्याकडून रिलीज फॉर्मवर सही घेतात. 'अशीच कथा आमच्याकडे आधीपासून असू शकते' हे त्यात तुम्ही मान्य करता. एजंट किंवा वकिलामार्फत गेलेलं बरं.

भेट झालीच, तर कथा सांगण्याआधी 'वापरलीत तर मोबदला अपेक्षित आहे' हे बोलून टाका. संकोच वाटतो, मलाही वाटतो. पण कॅलिफोर्नियातल्या डेस्नी विरुद्ध वाइल्डर (१९५६) खटल्यात, जो एका लेखकानं दिग्दर्शक बिली वाइल्डरवर कथेच्या मोबदल्यासाठी केला होता, नेमका हाच मुद्दा महत्त्वाचा ठरला. त्याच संध्याकाळी काय बोलणं झालं त्याची ईमेल पाठवा.