डेप्युटी मॅनेजरची ऑफर घ्यावी की बँकेतलंच ऑफिसर प्रमोशन?

कोयनाकाठ

नमस्कार. मी एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. आता नवीन नाव कस्टमर सर्व्हिस असोसिएट, काम तेच. २०२१ ला लागले, शाखा कराड, बेसिक ३३,०२०. हातात पन्नास हजारांच्या आसपास पडतात, त्यातून स्टाफ हाउसिंग लोनचा हप्ता जातो. मिस्टरांचं मलकापुरात स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा.

दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्यात. बँकेत क्लार्क ते ऑफिसर प्रमोशनचं परिपत्रक निघालंय आणि मी त्यात बसते. दुसरीकडे एका खाजगी बँकेने कराडच्याच शाखेत ‘डेप्युटी मॅनेजर’ म्हणून बोलावलंय, सीटीसी (बँकेचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ७.२ लाख. सासऱ्यांनी सून मॅनेजर झाल्याचं दोन पाहुण्यांना सांगूनही टाकलं.

ऑफिसर झाले तर पोस्टिंग कुठेही येईल, ही मुख्य भीती. खाजगीत गाव सुटत नाही. हा डेप्युटी मॅनेजर आमच्याकडच्या कुठल्या पदाच्या तोडीचा धरायचा? आणि स्केल वनला (ऑफिसरची पहिली पायरी) गेले तर पुढे मॅनेजर, सीनियर मॅनेजर व्हायला किती वर्षं लागतात? आमच्या शाखेत प्रत्येकजण वेगळं सांगतो.

खराडीचा व्हीपी

पदांच्या नावांवर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण मी व्हाइस प्रेसिडेंट आहे. पुण्यात खराडीला, एका परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात. हाताखाली चार माणसं. आमच्या मजल्यावर कॉफीच्या मशीनपाशी रांगेत उभं राहिलं की पुढचाही व्हीपी आणि मागचाही. लग्न जमताना या शब्दाचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू.

या बँकांची उतरंड ॲनालिस्ट, असोसिएट, व्हीपी, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर अशी असते. काही ठिकाणी मध्ये एव्हीपी (असिस्टंट व्हीपी) घुसवतात. गोल्डमन सॅक्सने २०२१ मध्ये एका यादीत ६४३ जणांना मॅनेजिंग डायरेक्टर केलं. आपल्या स्टेट बँकेत एमडी चार आणि त्यांच्या वर एक चेअरमन. शब्द तोच, वजन बघा.

पगाराचं बँकवाल्यांना विचारा, आमचा बाजार वेगळा.

पिल्लई७९

कोयनाकाठ ताई, मी सरकारी बँकेतून चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. क्लार्क म्हणूनच लागलो होतो, त्यामुळे तुमच्या खुर्चीत बसून झालेलं आहे. जरा लांबण लागेल.

आधी नावांचा गुंता. १९७९ पर्यंत प्रत्येक राष्ट्रीयीकृत बँकेची ऑफिसरांची श्रेणी आपापली होती. एका बँकेतला एजंट दुसरीत कोण, हे बदली होऊन आलेल्यालाही कळायचं नाही. पिल्लई समितीच्या शिफारशींवरून १ जुलै १९७९ पासून सगळ्यांना एकच शिडी आली, स्केल वन ते सेव्हन. (माझं इथलं टोपणनाव त्यावरूनच.) पण नावं बँकांनी आपापली ठेवली. बहुतेक बँकांत स्केल वन असिस्टंट मॅनेजर, टू मॅनेजर, थ्री सीनियर मॅनेजर, फोर चीफ मॅनेजर, मग असिस्टंट जनरल मॅनेजर (एजीएम), डेप्युटी जनरल मॅनेजर (डीजीएम), जनरल मॅनेजर (जीएम). स्टेट बँकेत मात्र स्केल टू म्हणजे डेप्युटी मॅनेजर आणि थ्री म्हणजे मॅनेजर. म्हणून आम्ही एकमेकांना पद विचारतच नाही, ‘स्केल कुठला?’ एवढंच विचारतो.

तुम्हाला आलेला डेप्युटी मॅनेजर यांतला कुणीच नाही. पुष्कळ खाजगी बँकांत ती शिडीची पहिली-दुसरी पायरी असते. सासऱ्यांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आता पैसे. ८ मार्च २०२४ ला सह्या झालेल्या बाराव्या द्विपक्षीय कराराचे (बँका आणि कर्मचारी संघटनांमधला पगाराचा करार) आकडे धरतो, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. ऑफिसरांच्या पगाराचा करार म्हणजे जॉइंट नोट, तीही त्याच दिवशीची. क्लार्कची श्रेणी २४,०५० पासून ६४,४८० पर्यंत. स्केल वन ४८,४८० ते ८५,९२०. स्केल टू ६४,८२० ते ९३,९६०. स्केल थ्री ८५,९२० ते १,०५,२८०. म्हणजे क्लार्क आयुष्यभर चढून जिथे थांबतो, त्याच्या किंचित वर स्केल टू सुरू होतो. तुमचं ३३,०२० एका ऑर्डरीत ४८,४८० होईल. त्यावर स्पेशल अलाउन्स आणि महागाई भत्ता धरला तर घरभाडं सोडूनच सत्तरच्या पुढे. महागाई भत्ता आपल्याकडे दर तिमाहीला बदलतो, म्हणून नेमका आकडा देत नाही. शिवाय ऑफिसरला लीजचं घर मिळतं, मर्यादेपर्यंतचं भाडं बँक भरते. क्लार्कला फक्त घरभाडं भत्ता.

खाजगीचे ७.२ लाख उलगडून बघा. महिन्याला ६०,०००. त्यात दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ते टार्गेट झालं तर, म्हणजे ६,००० बाजूला. राहिले ५४,०००. बेसिक २७,००० धरलं तर मालकाचा पीएफ ३,२४० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण १,३०० त्याच सीटीसीत बसवलेले असतात. मग तुमचा स्वतःचा पीएफ ३,२४० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात छेचाळीस हजार. आज तुम्ही पन्नास नेताय. आणि तुमच्या एनपीएसमध्ये (पेन्शनचं खातं) बँक बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के वेगळे भरते, ते आपल्याकडे पगार सांगताना कुणी मोजतच नाही.

वर्षांचं विचारलंत. वनचे टू व्हायला साधारण तीन ते पाच, टूचे थ्री व्हायला जवळपास तेवढीच. बँकेबँकेत नियम वेगळे, फास्ट ट्रॅक आणि सीनियॉरिटी असे दोन चॅनेल, लेखी, मुलाखत, एपीएआर (वरिष्ठांचा वार्षिक कामगिरी अहवाल). ग्रामीण किंवा निमशहरी शाखेतली वर्षंही बघतात. पण खरं घड्याळ रिकाम्या जागांचं असतं. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्ती) माणसं गेली, त्याआधी-नंतर भरती आटलेली, मग २०१० नंतर आमची पिढी एकगठ्ठा निवृत्त व्हायला लागली. त्या सुमारास लागलेल्या पोरांना प्रमोशनं भराभर मिळाली, दहा-बारा वर्षांत चीफ मॅनेजर झालेले मी पाहिलेत. पुढे २०१९-२० ची विलीनीकरणं झाली, शेजारशेजारच्या शाखा एक झाल्या, शाखाधिकाऱ्याच्या खुर्च्या कमी झाल्या. त्यामुळे २०१० च्या तुकडीचा वेग तुम्हाला मिळेल असं कुणी सांगितलं तर मानू नका. आणि अगदी वरपर्यंत जाणाऱ्याचं उदाहरण हवं तर स्टेट बँकेचे सी. एस. शेट्टी १९८८ ला पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर, थेट भरतीचा ऑफिसर) म्हणून लागले, २०२४ ला चेअरमन झाले. छत्तीस वर्षं.

आता ऑफिसरकीची दुसरी बाजू. क्लार्कला कामाचे तास असतात, ऑफिसरला नसतात. तिजोरीच्या किल्ल्या येतात. रजा मंजूर झाली तरी किल्ल्या घ्यायला कुणी आलं नाही तर तुम्ही घरी जात नाही. सही तुमची, म्हणजे कर्ज बुडालं की स्टाफ अकाउंटेबिलिटीत (चूक कुणाची, याची चौकशी) खुलासा तुमचा. पंधरा हजार बेसिक वाढतं ते याचंच.

शाखेतला माणूस

पिल्लई काका, एकतर्फी झालं. मी खाजगी बँकेत २०१६ ला असिस्टंट मॅनेजर म्हणून लागलो, आज सांगलीत क्लस्टर (शाखांचा गट) बघतो. माझ्याबरोबरचा मित्र सरकारीत पीओ, तो आता स्केल थ्री. माझा फिक्स्ड पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे. आमच्याकडे सीनियॉरिटी लिस्ट नाही, रेटिंग चांगलं आलं की एप्रिलमध्ये पत्र येतं.

मात्र ताई, हे रेटिंग कशावर येतं ते ऐका. कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी), इन्शुरन्स, म्युच्युअल फंड, गोल्ड लोन. महिनाअखेरीला रात्री आठला कॉल असतो आणि त्यावर आकडा बोलून दाखवावा लागतो. दोन वर्षं रेटिंग पडलं तर कुणी काढत नाही, पण राहूही देत नाहीत. माझ्या तुकडीतले निम्मे दुसऱ्या बँकेत गेले, कारण खाजगीत मोठी पगारवाढ उडी मारल्यावरच होते. कराडात उड्या मारायला किती बँका आहेत तेवढं मोजा. आणि ‘गाव सुटत नाही’ हे ऑफर लेटरमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

पिल्लई७९

शाखेतला माणूस, मान्य. विकायची हौस आणि हातोटी असलेल्याला खाजगीत पैसा जास्त आहे, माझा भाचाच त्यात आहे. माझा आक्षेप डेप्युटी मॅनेजर हा शब्द बघून नोकरी सोडण्याला. ताई दहा लाख फिक्स्ड म्हणाल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो.

ताई, तुमचं कर्ज राहिलंच की. स्टाफ हाउसिंग लोन साध्या व्याजाचं आहे. नोकरी सोडलीत की ते चालू दराने, चक्रवाढीने मोजायला लागतात. राजीनाम्याआधी नवा हप्ता शाखेतून लेखी काढून घ्या, मग छेचाळीस हजारांतून तो वजा करा. स्वस्त कर्जाच्या सवलतीवर कर लागतो, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कायम केला, तरी कर भरूनही ते कर्ज स्वस्तच पडतं.

कोयनाकाठ

काका, शाखेतला माणूस, दोघांचेही आभार. कर्जाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आज विचारलं, हप्ता जवळजवळ सहा हजारांनी वाढेल म्हणे. खाजगीचं मी मनातून काढलं.

पण बदलीचं काय? आमच्याच शाखेतल्या एक मॅडम ऑफिसर झाल्या आणि थेट ओडिशात गेल्या. मुलगा लहान आहे. यंदा अर्ज न करता दोन वर्षांनी केला तर?

पिल्लई७९

दोन वर्षांनी तो साडेपाचचा होईल आणि पहिलीत जाईल, तेव्हा हलवणं जास्त अवघड. सरकारी बँकांना २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सूचना दिल्या होत्या की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या ठिकाणी किंवा जवळ ठेवा. ‘शक्यतो’ या शब्दावर बँका बरंच काही निभावून नेतात, तरी पहिल्या पोस्टिंगनंतर अर्ज करायला तो आधार कामाला येतो. ओडिशातल्या मॅडमना विचारा, त्यांनी तसा अर्ज केला होता का, आणि केव्हा.

परिपत्रकात दोन कलमं आधी वाचा. प्रमोशन मिळाल्यावर नाकारलं तर किती वर्षं बसू देत नाहीत, आणि नाकारायची मुदत किती. बहुतेक ठिकाणी पोस्टिंगची ऑर्डर बघून नाकारता येतं. तसं असेल तर अर्ज भरण्यात तुमचं काही जात नाही. मी स्वतः एकदा मुलीच्या दहावीसाठी रिफ्यूजल दिलं होतं, पुढे प्रमोशन मिळालंच.

मिस्टरांशी दुकानाचं मात्र आत्ताच बोला. बायको ऑफिसर झाल्यावर दुकान कोण बघणार आणि पोर कुणाकडे राहणार, हे ऑर्डर आल्यावर ठरवायला गेलात तर सात दिवसांत रुजू व्हायचं असतं.

कोयनाकाठ

सासूबाई पोराला घेऊन माझ्याबरोबर यायला तयार आहेत, सोलापूरच्या पलीकडे नको एवढीच त्यांची अट. फॉर्म उद्या भरते. जेएआयआयबीचे (बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा) चारपैकी दोन पेपर झालेत, ते कुठे दाखवायचे का?

पिल्लई७९

अर्धवट जेएआयआयबीला धरत नाहीत. उरलेले दोन पुढच्या खेपेला काढा, वेतनवाढ त्यावरच अडलीय. लेखीसाठी केवायसी, एनपीएचे (थकीत कर्जांचे) नियम आणि तुमच्या बँकेची गेल्या वर्षभरातली परिपत्रकं करा. परिपत्रकांवर निम्मा पेपर येतो आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही.